डिस्कव्हरर म्हणजे संशोधक का हो?

प्रश्न: नमस्कार. मुलगा नववीत आहे, सेमी इंग्लिश. वर्कशीटमध्ये 'डिस्कव्हरर'चा मराठी अर्थ लिहायचा होता, त्यानं 'शोध लावणारा' लिहिलं, बाईंनी त्यावर काट मारून 'संशोधक' केलं. घरी आजोबा म्हणतात दोन्ही चूक, 'आविष्कारक' पाहिजे. मोबाईलवर बघितलं तर तिथे 'अन्वेषक'. आता चार शब्द झाले आणि पोरगा म्हणतो एकदा काय ते ठरवा. शब्द मुळात आला कुठून तेही सांगा.
– एक आई, कोथरूड

उत्तर: पोराचं बरोबर आहे, त्याला मार्क द्या. बाकीच्या तिघांकडेही जाऊ, आजोबांचं तर फार मजेशीर आहे, पण आधी शब्द कुठून आला ते बघू.

'डिस्कव्हर'मध्ये 'कव्हर' आहे हे डोळ्यांना दिसतंच, आणि ते फसवं नाहीये, खरंच तेच आहे. लॅटिनमध्ये झाकणे या अर्थाचं 'कोऑपेरिरे' असं क्रियापद, त्याच्यापुढे उलटा अर्थ करणारं 'डिस' लावून 'डिस्कोऑपेरिरे', म्हणजे झाकलेलं उघडं करणे. ते फ्रेंचमध्ये घासत घासत 'देस्कोव्रीर' झालं. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोनतीनशे वर्षं तिथल्या दरबारात, कोर्टात फ्रेंच चालायची, त्या गर्दीत जे हजारो शब्द इंग्रजीत घुसले त्यातलाच हा. त्याची भावंडंही आपल्या ओळखीची आहेत. 'कर्फ्यू' म्हणजे फ्रेंचमधला 'विस्तव झाका', रात्री घंटा झाली की चुली झाकायच्या, आगी लागू नयेत म्हणून. 'करचीफ' म्हणजे डोकं झाकायचं फडकं, आणि पुढे ते हातात आलं तेव्हा 'हँडकरचीफ' झालं, म्हणजे शब्दशः हातातलं डोकं-झाकणं, आता याला काय म्हणावं! 'रिकव्हर' मात्र या घरातला नाही बरं का, तो दिसतो तसा पण त्याचं लॅटिन मूळ वेगळं आहे.

तर डिस्कव्हरर म्हणजे मुळात झाकण काढणारा. हा जुना अर्थ अजून जिवंत बघायचा असेल तर बुद्धिबळ खेळणाऱ्या कुणालाही 'डिस्कव्हर्ड चेक' विचारा. हत्ती राजाच्या रेषेत आधीच उभा असतो पण मध्ये आपलाच घोडा असतो, घोडा बाजूला झाला की हत्तीचा शह लागतो. हत्ती जागचा हललेलाही नसतो, फक्त त्याच्यावरचं झाकण गेलं. इथे कुणी काही नवीन शोधलं नाही, होतं ते उघडं पडलं.

आणि माणसाला हा शब्द लावायचे तेव्हा तो फार काही मानाचा नव्हता. गुपित फोडणारा, खबर देणारा, टेहळणी करणारा असा त्याचा अर्थ. शेक्सपिअरच्या चौथ्या हेन्रीवरच्या नाटकाच्या दुसऱ्या भागात बंडखोरांचा पुढारी, यॉर्कचा आर्चबिशप म्हणतो की शत्रूचं बळ किती ते बघायला डिस्कव्हरर पाठवा. तिथे मराठीत 'संशोधक पाठवा' करून बघा! तिथे एकच शब्द बसतो, हेर. बहिर्जी नाईक त्या अर्थानं डिस्कव्हरर होते. याहून वाईट अर्थ आयर्लंडमध्ये होता. अठराव्या शतकाच्या सुरुवातीच्या कायद्यांनी तिथल्या कॅथलिक लोकांना जमीन विकत घ्यायला बंदी होती, मग लोक ओळखीच्या प्रोटेस्टंट माणसाच्या नावावर घ्यायचे (बेनामी आपल्याला नवीन नाही), आणि १७०९ च्या कायद्यानं अशी सोय करून ठेवली की एखाद्या प्रोटेस्टंटानं असा व्यवहार कोर्टात उघडकीस आणला तर ती जमीन त्यालाच मिळणार. या चहाडखोराला अधिकृत नाव काय, तर डिस्कव्हरर. म्हणजे 'खबऱ्या', आणि वर बक्षीस.

कोर्टातून तो अर्थ अजून गेलेला नाही. शिवाजीनगर कोर्टात कुणी वकील ओळखीचे असतील तर विचारा, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ११ मध्ये 'डिस्कव्हरी' आहे, म्हणजे समोरच्या पार्टीनं दाबून ठेवलेले कागद, माहिती शपथेवर बाहेर काढायला लावणं. तिथे कुणी शास्त्रज्ञ लागत नाही.

मग कोलंबस वगैरे? तो अर्थ नंतरचा. युरोपची जहाजं दूरदूर जायला लागली आणि सोळाव्या शतकात इंग्रजीत 'डिस्कव्हर' म्हणजे आधी माहीत नसलेलं पहिल्यांदा सापडणं असं रूढ होत गेलं. आधी किनारे, बेटं, मग तारे, वायू, जंतू सगळ्यालाच. पण 'माहीत नसलेलं' म्हणजे कुणाला माहीत नसलेलं हा प्रश्न त्या शब्दानं कधी विचारला नाही. आपलं अजिंठ्याचंच बघा. २८ एप्रिल १८१९ ला जॉन स्मिथ नावाचा मद्रासच्या घोडदळातला इंग्रज अधिकारी वाघाच्या शिकारीला गेला, समोरच्या डोंगरातून त्याला लेण्याची कमान दिसली, आत गेला आणि दहाव्या लेण्यात एका खांबावरच्या चित्रावर स्वतःचं नाव आणि तारीख कोरून आला. तो झाला अजिंठ्याचा डिस्कव्हरर. आसपासच्या गावातल्या गुराख्यांना ती लेणी ठाऊक नव्हती असं समजायचं का? त्यांना ठाऊक होती, फक्त त्यांनी खांबावर नाव कोरलं नाही, आणि माझ्या मते त्यांचंच जास्त बरोबर होतं.

आता बाईंचं. संशोधक म्हणजे जो अभ्यास करतो, पुरावे गोळा करतो, तपासतो, इंग्रजीतला रिसर्चर. त्याला आयुष्यभरात काही नवं सापडेलच असं नाही, तरी तो संशोधकच. उलट जॉन स्मिथ डिस्कव्हरर होता पण संशोधक अजिबात नव्हता. कधीकधी दोन्ही एकाच माणसात असतात. २०१७ मध्ये पुण्याच्या आयुका आणि आयसर या विज्ञानसंस्थांमधल्या लोकांनी दीर्घिकांचा (गॅलेक्सींचा) एक प्रचंड समूह सापडल्याचं जाहीर केलं, साधारण ४०० कोटी प्रकाशवर्षं लांब, त्याला 'सरस्वती' नाव दिलं, ते संशोधकही आणि डिस्कव्हररही. बाईंच्या डोळ्यांसमोर अशी माणसं असतील. पण म्हणून शब्दाचा अर्थ तो होत नाही.

'अन्वेषक' तर सोडूनच द्या, मराठी माणसाला तो शब्द फक्त 'गुन्हे अन्वेषण विभाग' या पाटीवर भेटतो, त्यांचं राज्याचं मुख्य ऑफिस पाषाण रोडला आहे, तिथे तपास करणारे असतात.

राहिले आजोबा. 'आविष्कारक' आज मराठीत कोणी म्हणत नाही, आपल्याकडे आविष्कार म्हणजे कलाविष्कार, गाण्याबजावण्याच्या कार्यक्रमाच्या पत्रिकेवरचा. हिंदीत आविष्कार म्हणजे यंत्र वगैरे बनवणं, इन्व्हेन्शन. पण संस्कृतात 'आविस्' म्हणजे उघड, डोळ्यांसमोर, आणि आविष्कार म्हणजे उघड करणं. म्हणजे शब्दाची हाडं मोजायला बसलात तर 'डिस्कव्हर'ला सगळ्यात जवळचा शब्द आजोबांचाच आहे, आणि तरीही वर्कशीटवर तो लिहिला तर मार्क जाणार. शब्दाचं मूळ एक आणि वापर वेगळा, त्याला कोण काय करणार. आजोबांना हे सांगा, खूश होतील.

प्रश्न: शाळेत 'न्यूटननं गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला' आणि 'बेलनं टेलिफोनचा शोध लावला' असं दोन्हीकडे एकच शिकवलं. इंग्रजीत एक डिस्कव्हरर, दुसरा इन्व्हेंटर. मराठी इथे तोकडी पडते असं नाही का वाटत?
– निवृत्त बँक कर्मचारी, नारायण पेठ

उत्तर: नाही वाटत. इंग्रजीतही ही भिंत नंतर बांधलेली आहे. 'इन्व्हेंटर' लॅटिन 'इन्व्हेनिरे'पासून, त्याचा अर्थ एखाद्या गोष्टीपाशी येऊन पोचणे, गाठ पडणे, म्हणजे सापडणेच. ख्रिस्ताचा खरा क्रूस सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईला, हेलेनाला सापडला अशी परंपरा आहे, आणि तो सण ३ मे ला असायचा, त्याचं इंग्रजी नाव 'इन्व्हेन्शन ऑफ द क्रॉस'. तिनं क्रूस बनवला नव्हता हो, तिला मिळाला होता. दुकानदार वर्षाअखेर 'इन्व्हेंटरी' करतात तोही याच घरातला शब्द, काय काय सापडलं त्याची यादी. तेव्हा दोन्ही शब्द मुळात एकाच गोष्टीबद्दल बोलत होते, नंतर त्यांनी वाटण्या करून घेतल्या, निसर्गात आधीपासून असलेलं एकाकडे आणि माणसानं बनवलेलं दुसऱ्याकडे.

ही वाटणी शाळेत कंटाळवाणी वाटते पण पैसा आला की फार खरी होते. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या तिसऱ्या कलमात स्पष्ट आहे की निसर्गात असलेला पदार्थ किंवा वैज्ञानिक तत्त्व नुसतं सापडलं तर ते इन्व्हेन्शन नाही, त्याला पेटंट नाही. म्हणजे डिस्कव्हररला नाव मिळतं, पैसे इन्व्हेंटरला. हळदीची भानगड आठवत असेल तुम्हाला. अमेरिकेत १९९५ मध्ये जखम भरायला हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं. जखमेवर हळद! आपल्या सीएसआयआरनं, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनं, त्याला आव्हान दिलं, तेव्हा तिथे महासंचालक होते डॉ. रघुनाथ माशेलकर, त्याआधी पुण्यातल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे पाषाणच्या एनसीएलचे संचालक. आता 'आमच्या आजीला माहीत होतं' हा पुरावा पेटंट ऑफिसात चालत नाही, तिथे छापील कागद लागतो, म्हणून जुने ग्रंथ काढले, १९५३ च्या एका भारतीय वैद्यकीय जर्नलमधला लेख काढला, आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. अर्जदारांनी काही नवीन केलंच नव्हतं एवढं सिद्ध करायला इतकी धावपळ.

आणि काही ठिकाणी ही भिंत अजून नीट उभीच राहत नाही. देवळालीचे गणिताचे मास्तर द. रा. कापरेकर, शिकले आपल्या फर्ग्युसनमध्ये. त्यांची ती ६१७४ ची गंमत घ्या. चार आकडे घ्या, सगळे सारखे नकोत, समजा ३५२४. मोठ्याकडून लहानाकडे लावले ५४३२, उलटे लावले २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हा तेच, ८७३० वजा ०३७८, आले ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८, आले ६१७४. आता ६१७४ वर करा, ७६४१ वजा १४६७, परत ६१७४, इथून सुटका नाही. कुठलाही आकडा घेतलात तरी जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथेच येता. मग कापरेकर काय झाले? आकडे आधीपासून होते म्हणून डिस्कव्हरर म्हणावं तर ही चढता-उतरता लावून वजा करायची रीत त्यांची स्वतःची, ती कुठे जंगलात पडलेली नव्हती. यावर गणितवाले लोक पिढ्यानपिढ्या भांडतायत. मराठीत 'कापरेकरांनी शोध लावला' म्हटलं की भांडण मिटलं. फरक सांगायचाच असेल तर बेलनं टेलिफोन 'तयार केला' म्हणा, 'बनवला' म्हणा, आपल्याकडे क्रियापदं कमी नाहीत.

प्रश्न: टीव्हीवर हिंदी न्यूजमध्ये 'संशोधन विधेयक' ऐकलं, मला वाटलं रिसर्चसाठी काही कायदा येतोय. नंतर कळलं अमेंडमेंट. एकच शब्द दोन भाषांत इतका वेगळा कसा?
– आयटीवाला, वाकड

उत्तर: कारण 'शोध'चा मूळ धंदा शोधण्याचा नाहीच, साफसफाईचा आहे. संस्कृत 'शुध्' धातू, त्यातून शुद्ध, शुद्धी, शोधन. रास्ता पेठेत टिळक आयुर्वेद कॉलेजच्या आसपास कुणा वैद्यांना 'शोधन' विचारलंत तर ते वमन, विरेचन सांगायला लागतील, पंचकर्म म्हणजे शोधन चिकित्सा, शरीरातला दोष बाहेर काढणं. पारा, गंधक, गुग्गुळ औषधात घालायच्या आधी शोधून घेतात, तिथेही हरवलेला पारा कुणी शोधत नसतं, त्यातली घाण काढतात. नको ते बाजूला काढत गेलं की हवं ते हाती लागतं, तांदूळ निवडल्यासारखं, आणि त्यातूनच शोधणे म्हणजे हुडकणे असा अर्थ पुढे आला असणार. हिंदीनं 'संशोधन'मध्ये चूक काढून टाकणं हा जुना अर्थ धरून ठेवला, म्हणून त्यांचं संविधान संशोधन. आपण तिथे सरळ 'घटनादुरुस्ती' म्हणतो आणि संशोधन रिसर्चला देऊन टाकलं.

हे देऊन टाकणं पुण्यात फार जोरात झालं. १९१० मध्ये वि. का. राजवाड्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांबरोबर सदाशिव पेठेत संस्था काढली तिचं नावच भारत इतिहास संशोधक मंडळ, आणि १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. राजवाडे गावोगाव फिरून वाड्यांमधली, देवळांमधली दप्तरं उघडून बघायचे, त्यातून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनं' असे बावीस खंड निघाले, पहिला १८९८ चा. आता त्यांचं काम बघा, बांधलेली दप्तरं सोडली, म्हणजे झाकण काढलं, आणि मग खरा कागद कुठला, बनावट कुठला हे निवडलं, म्हणजे साफ केलं. डिस्कव्हररही आणि जुन्या अर्थानं संशोधकही, असा माणूस विरळा.

एक गोष्ट मराठीत मला अजून आवडते, आपल्याकडे शोध 'लागतो'. तहान लागते, ठेच लागते, तसा शोध लागतो, त्यात करणारा कुणी लागतच नाही. आणि करणाऱ्याला पुढे आणायचं असेल तर 'लावला'. चोरीचा मात्र छडा लावतात, छड्याला वैज्ञानिक चालत नाही, फौजदारच लागतो.

प्रश्न: ठरवून नाही, चुकून काही सापडतं त्याला 'सेरेंडिपिटी' म्हणतात. मराठी शब्द?
– विद्यार्थिनी, डेक्कन

उत्तर: आधी हे ऐका की तो शब्द आपल्याच शेजारचा आहे. होरेस वॉलपोल नावाच्या इंग्रज लेखकानं २८ जानेवारी १७५४ च्या पत्रात तो स्वतः बनवला, सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या एका जुन्या गोष्टीवरून, आणि सेरेंडिप म्हणजे श्रीलंका, अरबी-फारसी लोकांनी 'सिंहलद्वीप'चं केलेलं सरंदीब. मराठीत लोक याला 'घबाड' म्हणतील पण घबाड पैशाचं. 'घुणाक्षर न्याय' जवळ येतो, लाकूड पोखरताना किड्याकडून चुकून अक्षर उमटतं तो, पण किड्याला अक्षर वाचता येत नाही आणि वॉलपोलनं नेमकं तेच मागितलंय, योगायोगाबरोबर तो ओळखायची अक्कलही हवी. १९२८ मध्ये पेनिसिलिनवाल्या फ्लेमिंगच्या बशीत बुरशी चुकून आली, बुरशी आलेली बशी धुवून टाकणारे ढीगभर असतील. तेव्हा शब्द एकच हवा असेल तर नाही, दोन चालत असतील तर 'डोळस योगायोग' म्हणा, मी तरी तेच लिहितो.

प्रश्न: आमच्याकडे बोअर घ्यायच्या आधी पाणाड्याला बोलावतात. मुलीला इंग्रजीत गावावर निबंध लिहायचाय, पाणाड्याला 'वॉटर डिस्कव्हरर' लिहिलं तर चालेल का?
– शिरूर तालुका

उत्तर: नको, इंग्रजीत 'वॉटर डिव्हायनर' किंवा 'डाउझर' म्हणतात, तिकडेही हे लोक दुबेळक्याची काठी घेऊन शेतात फिरतात, नारळ मात्र आपलाच. काठी किंवा नारळ हलला म्हणजे खाली पाणी असतं याला शास्त्राचा आधार नाही, हे निबंधात एका वाक्यात यायला हवं. आपल्याकडे खाली काळा बेसाल्ट, पाणी राहतं ते त्याच्या भेगांमध्ये आणि वरच्या मुरमाड थरात, म्हणून एका बांधावर बोअर लागते आणि शेजारच्या बांधावर कोरडी जाते आणि त्यामुळेच पाणाड्याचं कधीकधी जमूनही जातं. निबंधाचं झालं, पण बोअर खरोखर घ्यायची असेल तर पैसे घालायच्या आधी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा ऑफिसला विचारून घ्या, ते पुण्यातच आहे.